ओझ्याचा घोडा आणि आपले साहित्य

अंधेरी, मालाड, कांदिवली, बोरिवली ह्या उपनगरांना दोऱ्यासारख्या ओवीत जाणाऱ्या ज्या रस्त्याला आज आपण स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतो, त्याचे जुने नाव घोडबंदर रस्ता. वसईच्या खाडीवरील त्या बंदरात अरबी घोडे उतरत, म्हणून ते घोडबंदर, असे सांगतात. जोगेश्वरीला किंवा गोरेगावला कोणाला ‘तबेला कुठे?’ असे विचारले, तर तो म्हशींच्या गोठ्याकडे बोट दाखवील. वास्तविक तबेला हा फारसीतून आलेला शब्द घोड्यांच्या ठाणाचा. घोडे गेले, त्यांच्या जागी म्हशी आल्या. पुढे १९४९ साली आरे वसाहत वसली आणि शहरातल्या पुष्कळशा म्हशीही तिकडे गेल्या. शब्द मात्र आपल्या जुन्या धन्याची आठवण ठेवून जागच्या जागी बसला आहे. ज्या भाषेच्या रस्त्यांत आणि गोठ्यांतसुद्धा घोडा असा दडून बसला आहे, त्या भाषेच्या साहित्यात तो कोणत्या रूपाने वावरतो, हा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर शोधू लागलो की एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. आपल्या साहित्याला आणि कलेला घोडा दिसतो तो पाठीवर स्वार असतो तेव्हा. पाठीवर ओझे असलेला घोडा त्यांनी फारसा पाहिलेलाच नाही.

ह्याचा पुरावा पाहण्यासाठी उपनगराबाहेर जाण्याचेही कारण नाही. बोरिवलीच्या पश्चिमेस एक्सर येथे शिलाहारकालीन मानले जाणारे वीरगळ आहेत. त्यांवर कोरलेल्या नौकायुद्धामुळे ते अभ्यासकांत प्रसिद्ध आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्ट्यांत मरण आणि अप्सरा, आणि माथ्यावर कैलास. एक्सरच्या एका शिळेच्या तळाशी दोन घोडेस्वार तलवारी उपसून एका धनुर्धरावर चालून गेले आहेत. हा उपनगरातला बहुधा सर्वांत जुना दगडी घोडा असावा, आणि त्याच्या पाठीवर तलवार आहे. घाटमाथ्यावर गेलो तर असे कितीतरी वीरगळ भेटतात की ज्यांच्या तळाशी गाई कोरलेल्या असतात. गोधन पळवणाऱ्यांशी लढताना जो पडला, त्याचा तो दगड. गाय आणि घोडा एकाच शिळेवर येतात ते असे: गाय ही लुटीची वस्तू आणि घोडा हे लुटीचे किंवा रक्षणाचे साधन. गुरे राखण्याच्या रोजच्या कामात घोड्याचा काही वाटा असतो, हे त्या दगडाला सांगावेसे वाटलेले नाही. आणि त्यात नवल नाही, कारण रोजच्या कामासाठी कोणी वीरगळ उभारीत नाही.

दगडाचे जे झाले तेच पोथीचे झाले. महाभारताचे विराटपर्व आपल्या घरोघर माहीत आहे. अज्ञातवासात नकुल ‘ग्रंथिक’ हे नाव घेऊन विराटाच्या घोड्यांची निगा राखतो आणि सहदेव ‘तंतिपाल’ होऊन त्याची गुरे राखतो. जुळ्या भावांकडे घोडे आणि गाई सोपवून व्यासांनी ही दोन कामे किती जवळची आहेत ते सुचवून ठेवले. घोड्याला वळण लावणे, खोडी काढून टाकणे आणि दुखणे ओळखणे हे नकुलाचे शास्त्र. त्याच्या नावावर अश्ववैद्यकाचा ग्रंथही सांगितला जातो. पण आख्यान रंगते ते कीचकवधाने आणि उत्तर-गोग्रहणाने. नकुलाने त्या वर्षभरात तबेल्यात काय केले, ते आपल्या एकाही कीर्तनकाराला रंगवावेसे वाटल्याचे स्मरत नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात घोडे आहेत, त्यांची परीक्षा आहे आणि घोड्यावर बसून खेळण्याचा ‘वाजिवाह्यालिविनोद’ही आहे, पण ती राजाच्या पागेतली दृष्टी. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसाई आणि ना. सं. इनामदार ह्यांच्यापर्यंतची ऐतिहासिक कादंबरी घ्या, नाही तर शाहिरांचे पोवाडे घ्या. घोडा फुरफुरतो, टापांची धूळ उडते, धनी पडला की घोडा अश्रू ढाळतो. त्यांतले पुष्कळसे लेखन उत्तम आहे. तक्रार त्याच्या गुणांविषयी नाही, त्याच्या दृष्टीच्या टप्प्याविषयी आहे.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र आपल्या देवघरातले आहे. खंडोबाचा टाक पाहा. देव घोड्यावर बसलेला, हाती तलवार, बरोबर म्हाळसा आणि पायाशी कुत्रा. परंतु खंडोबाच्या कथेचा अर्धा रस बाणाईत आहे, आणि बाणाई धनगराची लेक. तिच्यासाठी देव म्हातारा गडी बनून तिच्या बापाच्या वाड्यावर चाकरीला राहिला. मेंढरे राखली, ती मारली, पुन्हा जिवंत केली आणि मग लग्न लागले. म्हणजे आपल्या लाडक्या देवाने घोड्यावर बसून मणि-मल्ल मारले, तशीच पायी चालून मेंढरेही राखली. गाण्याने दोन्ही लक्षात ठेवले. मूर्तीने एकच निवडले. आणि देव मेंढरांमागे होता तेव्हा त्याचा घोडा काय करीत होता? हा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण धनगराला तो थट्टेचा वाटणार नाही. त्याच्या वाड्यावर घोडा रिकामा कधीच उभा नसतो.

ह्या वाड्याची ओळख शहरी वाचकाला करून दिली पाहिजे. वाडा म्हणजे पेशव्यांचा नव्हे. एकत्र हिंडणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांचा तळ. पावसाळा सरला, दिवाळी झाली की पुणे, सातारा, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतल्या कोरड्या भागांतून धनगरांचे वाडे बाहेर पडतात. त्यांतले काही घाट उतरून रायगड आणि ठाण्याच्या बाजूला कोकणपट्टीत येतात. भातकापणी झालेल्या शेतात मेंढरे बसवायची. लेंड्यामुताचे खत शेतकऱ्याला आणि धान्य किंवा पैसे धनगराला, असा हा जुना व्यवहार. दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही, म्हणून मृगाच्या आत पुन्हा घाट चढायचा. मुलुंडचा नाका ओलांडून दोन-तीन तास गाडीने गेलो की ज्या मुलखात पोचतो, तिथे हिवाळ्यात हे वाडे आजही उतरलेले असतात.

ह्या साऱ्या हालचालीचा कणा म्हणजे घोडा. बुटका, काटक, कणखर खुरांचा. अंथरूण-पांघरूण, पाण्याची भांडी, धान्याची पोती, तळासाठी लागणाऱ्या काठ्या, रात्री मेंढरे कोंडायची वाघर, खुराड्यातल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कित्येकदा चालता न येणारे मूलसुद्धा त्याच्या पाठीवर असते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो. धनगराचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते. पुरुष मेंढरे घेऊन रानातून चरत-चरत जातात, आणि घोडे घेऊन सडकेने पुढे जाणे, मुक्कामाची जागा गाठणे, ओझे उतरवून चूल मांडणे हे काम बहुतांशी बायकांचे. म्हणजे आपल्या वाङ्मयात जो प्राणी पौरुषाचे प्रतीक होऊन बसला, तो प्रत्यक्षात मेंढपाळांच्या मुलखात बाईच्या हाताने लादला जातो, बाईच्या हाकेने चालतो आणि बाईच्या हाताने सोडला जातो. एवढ्या एका गोष्टीत एका कादंबरीचे बीज आहे!

घोडा लादणे ही सोपी गोष्ट नव्हे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे पडले नाही तर ओझे एका अंगाला कलते आणि पाठीला जखम होते. आणि पाठ गेलेला घोडा म्हणजे थांबलेला वाडा. तंग आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात. अजाण माणूस फसतो आणि फर्लांगभर गेल्यावर सारे बिऱ्हाड पोटाखाली येते. जाणती बाई तंग एकदा आवळते, घोड्याला चार पावले चालवते आणि पुन्हा आवळते. ओझ्याखाली घडीचा कापडी थर नीट बसला पाहिजे, त्यात काटा-कुसळ राहता कामा नये. मुक्कामाला पुढचे पाय दोरीने बांधून घोडा चरायला सोडतात. दोरी सैल असेल तर घोडा दूर जातो, फार घट्ट असेल तर पाय सोलवटतात. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले कुजके-बुरसटलेले बाहेर येण्याची वाट नाही. पोटशूळाने धडधाकट जनावर एका रात्रीत जाते. म्हणून कुठल्या बांधावर सोडायचे आणि कुठल्या नाही, ह्याला महत्त्व. आणि शिक्षण? त्याला वेगळा चाबुकस्वार लागत नाही. शिंगरू जन्मल्यापासून आईच्या मागे घाट चढते-उतरते. मेंढरांची, कुत्र्यांची, सडकेवरच्या मोटारींची सवय होते. मग एखादे रिकामे पोते, मग हलके ओझे, मग भारी. रणातल्या घोड्याला आवाजाची भीती मोडून पुढे झेप घ्यायला शिकवावे लागते. ह्या घोड्याला त्याहून अवघड गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे पाठीवर कोकरू असताना झेप न घेणे.

असा हा घोडा आपल्या लेखकांना कसा चुकला? इथे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे (१९५५) नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. धनगरांचे जग मराठी वाचकापुढे प्रथम एवढ्या सच्चेपणाने आले ते ह्या छोट्या कादंबरीने. पुढे १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपटही केला. तिच्यातली माणसे, मेंढरे, तालीम, दुष्काळ हे सारे मनात घर करून राहते. पण तिचा निवेदक शाळामास्तर आहे. त्याचे पाय गावाला बांधलेले आहेत. दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, आणि तिथे कादंबरी संपते. कलेच्या दृष्टीने तो शेवट अचूक आहे. परंतु धनगराचा प्रवास तर तिथून सुरू होतो. जिथे आपली उत्तम कादंबरी थांबली, तिथून पुढे बिऱ्हाड वाहून नेणारा जो घोडा आहे, त्याच्याबरोबर चालणारा लेखक अजून यायचा आहे. ह्यात माडगूळकरांचा काहीच दोष नाही. त्यांनी एक दार उघडून ठेवले. त्यातून बाहेर पडायचे काम पुढच्यांचे होते.

दुसरे नाव एका परदेशी अभ्यासकाचे. गुंथर सोन्थायमर हे जर्मन पंडित वर्षानुवर्षे वाड्यांवर हिंडले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा ह्यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रथम जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी टिपलेल्या ओव्या वाचल्या म्हणजे कळते की धनगरांच्या स्वतःच्या वाङ्मयात चालणे, पाणी शोधणे, तळ देणे ह्यांना केवढे स्थान आहे. आपण ज्याला साहित्य म्हणतो त्यात नसलेला प्रवास तिथे आहे. म्हणजे वाङ्मय नाही असे नव्हे. वाचक नाही, एवढेच.

चित्रांत आणि चित्रपटांत तरी वेगळे काही आहे काय? पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत मोठे झाले आणि त्यांचे घोडे जगभर गेले. त्यांतल्या पुष्कळ घोड्यांवर स्वार नाही, हे खरे. पण ओझेही नाही. ते उधळलेले आहेत. ‘शोले’मधली (१९७५) बसंतीची धन्नो आठवा. हिंदी पडद्यावर कष्टकरी घोडीला नाव मिळाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण. पण धन्नो आपल्या स्मरणात आहे ती रोजची वर्दी वाहणारी म्हणून नव्हे, डाकूंच्या पुढे सुसाट धावली म्हणून. मुंबईच्या काळ्या घोड्याची गोष्ट तर फारच गमतीची. १८७९ साली उभारलेल्या त्या पुतळ्यावर इंग्लंडचा युवराज होता. १९६५ साली स्वार-घोडा दोघेही तिथून हलले आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेले. जागेचे नाव मात्र राजपुत्राचे न राहता घोड्याचे राहिले. २०१७ साली त्या चौकात नवा घोडा आला, तो बिनस्वाराचा. लोकांनी आपल्या बोलण्यात स्वाराला केव्हाच खाली उतरवले होते. शिल्पकलेला तिथे पोचायला दीडशेच्या आसपास वर्षे लागली.

लोकांचे बोलणे! ओझ्याच्या घोड्याचे खरे साहित्य पाहायचे तर तिथेच गेले पाहिजे. ‘घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने’ ही म्हण आपण सारे जण येता-जाता वापरतो. कचेरीत मोठ्या साहेबाच्या कामापायी धाकट्या कारकुनाची जी परवड होते, तिला ती चपखल बसते. पण क्षणभर तिच्यातले चित्र पाहा. पाठीवर बिऱ्हाड असलेली घोडी एका चालीने चालली आहे; तिचे शिंगरू पुढे धावते, बिचकते, परत आईकडे येते, पुन्हा मागे राहते. आई दहा मैल चालली तर ते वीस मैल चालते. ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली, तो घोड्याबरोबर पायी चालणारा होता. घोड्यावर बसलेल्याला शिंगराचे हेलपाटे दिसत नाहीत; तो पुढे पाहत असतो. एका वाक्यात इतके अचूक निरीक्षण आणि एवढी करुणा आपल्या किती लघुकथांत सापडेल?

‘खोगीरभरती’ हा शब्द घ्या. आपण तो निकामी माणसांच्या गर्दीला लावतो, आणि टीकाकार तर पानोपानी लावतात. पण खोगिरातली भरती निकामी असेल, तर घोड्याची पाठ सोलून निघेल! चिंध्या आणि गवतच ते. परंतु तेच ओझे आणि हाड ह्यांच्यामध्ये उभे असते. हा शब्द तुच्छतेने कोणी वापरायला सुरुवात केली असेल? वरून बसणाऱ्यानेच. ‘भाड्याचे तट्टू’ ही शिवी कोणाची? तट्टू भाड्याने घेणाऱ्याची. तट्टू पाळणाऱ्याची नव्हे. तट्टाने भाडे आणले म्हणून त्याची चूल पेटली. अशा रीतीने आपली भाषा दोन्ही दृष्टी सांभाळून आहे: शिंगराच्या म्हणीत पायी चालणाऱ्याची आणि तट्टाच्या शिवीत बसणाऱ्याची. साहित्याने ह्यांतली दुसरीच तेवढी उचलली, अशी माझी तक्रार आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. कथेला गती लागते, संकट लागते. धावणाऱ्या घोड्यात नाट्य आहे. ओझे वाहणाऱ्यात काय आहे? ह्याला उत्तर आपल्याच ग्रामीण कथेने देऊन ठेवले आहे. बैल हा काही धावणारा प्राणी नव्हे. तरीही औताचा बैल, म्हातारा झालेला बैल, बाजारात विकावा लागलेला बैल ह्यांनी मराठी कथेला किती वेळा रडवले आहे! मग मंद चाल हा दोष नव्हे. बैलाला लेखक मिळाले, कारण शेतकऱ्याच्या घरातून लेखक आले. वाड्यावरची मुले एका शाळेत एक वर्ष टिकणे कठीण. त्यांच्यातून लिहिणारे यायला उशीर लागला, एवढेच त्याचे कारण. सणांतही हेच दिसते. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, पाडव्याला मेंढपाळ आपल्या मेंढरांना ओवाळतो. घोड्याच्या गळ्यात दसऱ्याला हार पडतो. पण तो शस्त्रांच्या रांगेत उभा राहिल्यावर. ह्याला सुखद अपवाद आहे तो वारीचा. आळंदीच्या पालखीत अंकलीच्या शितोळे सरकारांचा जो माउलींचा अश्व रिंगणात धावतो, त्याच्या पाठीवर कोणी माणूस बसत नाही. आणि तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढरांचे रिंगण घडते. घोडा आणि मेंढरू ह्या दोघांनाही ज्या वाटेवर मान आहे, ती पायी चालणाऱ्यांची वाट असावी, हा योगायोग खासच नव्हे.

हे सारे आत्ता, सणाच्या दिवशी, सांगण्याचे कारण काय? कारण वेळ थोडा आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या आणि शहरातल्या घोड्याचे जुने काम सुटले. जनावरांच्या हालअपेष्टा पाहता तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल. आता घाटकोपर-मुलुंडच्या मुलाने घोडा पाहायचा तो लग्नाच्या वरातीत, झुली-कलाबतूंखाली दडलेला. तिकडे वाड्यांवरही टेम्पो येऊ लागला आहे. तो बिऱ्हाड लवकर पोचवतो, आणि ज्या बाईने घाट पायी उतरले आहेत, तिला टेम्पोत बसू नको असे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. घोड्याची जात मात्र टिकेल असे दिसते. भीमेच्या काठची ‘भीमथडी’ म्हणून जिचा मराठ्यांच्या इतिहासात डंका होता आणि जी नामशेष झाली असे पुष्कळांना वाटत होते, ती धनगरांच्या तळांवर सुखरूप सापडली आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली. इतिहासाचा हा केवढा विनोद! ज्या घोड्याची गाणी शिलेदारांसाठी रचली गेली, त्याचा वंश सांभाळला तो मात्र बिऱ्हाड लादणाऱ्या बायकांनी.

नोंदवहीत जातीची उंची, रंग आणि बांधा लिहिला जाईल. तंग दुसऱ्यांदा केव्हा आवळायचा, कोकरू कुठल्या बाजूला बांधायचे, घाटात बिचकलेल्या घोडीला कोणत्या शब्दाने थांबवायचे, हे तिथे लिहिले जाणार नाही. ते लिहिणे हे साहित्याचे काम आहे, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. ह्या अंकातली शेवटची करंजी संपेपर्यंत वाडे घाटाच्या वाटेला लागलेले असतील. आपल्या तरुण कथालेखकांपैकी कोणी एकाने ह्या हिवाळ्यात कल्याण-भिवंडीच्या पुढे एखाद्या कापलेल्या भातशेतात जावे आणि मेंढरांकडे नव्हे, चुलीपाशी ओझे उतरवणाऱ्या बाईकडे जाऊन नम्रपणे विचारावे, ‘मावशी, ही घोडी लादायला कोणी शिकवली?’ ती जे सांगेल, ते त्याने तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. पुढच्या दिवाळीला ते आपल्याला वाचायला मिळाले, तर ह्या टीकालेखाचे काम झाले असे मी समजेन.